उजवीकडची खोली

संध्याकाळ व्हायच्या आधीच माझा धाकटा भाऊ दाढी करून, कोट घालून खुर्चीत बसला होता. पूर्वी असं दिसलं की मी आशेने हातातलं काम टाकून निघायचे. आता तसं होत नाही. मी भांडी विसळून पालथी घातली, पायात चपला सरकवल्या आणि "चल" म्हटलं.

सकाळी चहा गाळताना मी त्याच्याकडून घराची किल्ली मागून घेतली होती. आवाज चढवला नव्हता. "आज त्या सभेत बसलास तर परत देईन. नाही बसलास तर दुसरीकडे सोय बघ." त्याने किल्ली निमूटपणे टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साखर कमी झालीय."

सभा म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांची. याआधीही आम्ही निघालो होतो. कधी बस चुकायची, कधी वाटेत त्याला ओळखीचं कुणी भेटायचं. फोनवरच्या गृहस्थांनी नीट सांगितलं होतं: वाचनालयाची इमारत, वरचा मजला, जिना संपला की उजवीकडची खोली. "दारावर पाटी नसते हं आजी. सरळ आत या."

जिना चढताना तो मागे राहत होता. "ताई, दम लागला तर परत जाऊ."

"मला नाही लागला."

"मला लागलाय."

उजव्या दाराशी पोचलो आणि दोघंही थबकलो. आत स्पिरिट होतं. दुसऱ्या कुणाला तो वास बाहेरून जाणवलाही नसता. पण आमचे वडील लाकडाला पॉलिश करायचे. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा जुन्या सुती कापडात बांधायचा आणि लाकडावरून गोल गोल फिरवत राहायचं, दिवसच्या दिवस. लहानपणी आम्ही त्यांचा डबा घेऊन निघायचो तेव्हा पत्ता विचारायची गरज नसे. गल्लीच्या तोंडाशी हा नाक वर करायचा आणि मला ओढत बरोबर त्या घराशी न्यायचा. आई त्याला नाकाडू म्हणायची. पुढे तोही पॉलिशवालाच झाला. मग कधीतरी बरणीतलं स्पिरिट कामाच्या आधी संपायला लागलं.

"ही नसणार," नाकाडू म्हणाला.

मलाही पटलं. दारू सोडणारी माणसं या वासात कशाला बसतील? आम्ही डावीकडचं दार ढकललं.

गोलात मांडलेल्या खुर्च्या, दमलेले चेहरे. एक बाई म्हणाल्या, "या, बसा, आज सगळ्यांनाच उशीर झालाय." मी दाराजवळची खुर्ची धरली. चष्मेवाल्या गृहस्थांनी भावाकडे पाहिलं. "तुम्ही नवीन दिसता. बोला, तुमचा काय त्रास?"

तो उभा राहिला. कोटाचं बटण लावलं, काढलं. मग म्हणाला, "मी दारुडा आहे."

उभ्या जन्मात "घेतो कधीमधी", "थंडी होती", "आज शेवटची" एवढंच त्याच्या तोंडून ऐकलं होतं. हा शब्द आमच्या घरात एकदाच आला होता, त्याची बायको बॅग उचलून निघाली तेव्हा.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "बरं," ते म्हणाले, "पण तुमच्या बाथरूममधून खाली पाणी गळतंय का?"

ती मागच्या इमारतीतल्या रहिवाशांची गळतीवरची सभा होती. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "निदान हे खरं तरी बोलले. वरच्या मजल्यावरचे तेवढंही करत नाहीत." तेव्हा थोडं हसू झालं. त्या बाई आम्हाला बाहेर घेऊन आल्या आणि समोरचं दार दाखवून म्हणाल्या, "तुमची माणसं तिकडे असतात."

भाऊ भिंतीला टेकला. "झालं की, ताई. बोललो ना मी. सगळ्यांसमोर बोललो."

"दुसऱ्याच लोकांसमोर."

"शब्द तर तोच होता."

पूर्वी मी त्याचा हात धरला असता, समजावलं असतं, शपथ घातली असती. आता जिन्याजवळच्या बाकावर बसले.

"आत तो वास आहे गं," तो म्हणाला. "डोक्यात तेच फिरत राहील."

"बाहेर राहिलास तरी तेच फिरतं."

तो थोडा वेळ डोळे मिटून उभा राहिला. नाक किंचित वर, गल्लीच्या तोंडाशी असायचं तसं. मग कोट काढून माझ्या हातात दिला आणि उजवं दार उघडलं.

आत नुकतंच पॉलिश केलेलं लांबलचक टेबल होतं, भोवती माणसं. कुणाकडेही न बघता त्याने विचारलं, "खिडकी उघडली तर चालेल का?"

"उघडा की," आतून एक जाडा आवाज आला. "डोकं उठलंय त्या वासाने. वाचनालयवाल्यांना नेमकं आमचंच टेबल सापडलं पॉलिशला."

खिडकीची कडी वाजली. खुर्ची ओढली गेली. कुणीतरी दार लावून घेतलं.

डावीकडे गळतीवरून भांडण जुंपलं होतं. उजवीकडून बराच वेळ नुसती कुजबुज. मग त्याचा आवाज, तेच वाक्य, आधीपेक्षा हळू.

हे ऐकलं की मला रडू येईल अशी माझी समजूत होती. आलं नाही. गुडघा ठणकत होता आणि घरी दूध संपलंय ते आठवलं. मी पिशवीतून किल्ली काढली. सवयीप्रमाणे आधी कोटाचे दोन्ही खिसे चाचपले. रिकामे होते. मग किल्ली आत टाकली आणि कोट घडी करून मांडीवर ठेवला.