दुपारचा पाऊस

आमचं मॉडेल, म्हणजे हवामानाची गणितं करणारा प्रोग्रॅम, फार उतावळं. ऊन जरा चढलं की भर दुपारी पाऊस पाडून मोकळं. खरा पाऊस येतो संध्याकाळी. उपग्रहाला तो दिसतो. दोघांचे आलेख शेजारी ठेवून मॉडेल कुठे चुकलं ते लिहायचं, यावर माझं पोट चालतं.

दादा गेल्यापासून मला काही वाटेनासं झालंय. जेवते, झोपते, आलेख काढते. लोक म्हणतात, बरी सावरलीस हो. असेन.

आई मात्र वहिनीशी बोलत नाही. त्या संध्याकाळी वहिनीने दादाला दूध आणायला पाठवलं आणि त्याची स्कूटर घसरली. आई परगावी होती, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला ऑफिसात. पण त्याला भिजलेला आणला, एवढं आईला पुरलं. "भर पावसात धाडलं हिने माझ्या लेकाला!" वहिनी म्हणायची, निघाला तेव्हा कोरडं होतं. हल्ली तिचीच खात्री उरलेली नाही.

काल ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "तुझ्याकडे सगळे दिवस असतात ना? तो बघशील? असेल ते खरं सांग."

आज तो दिवस उघडला. उपग्रहाची नोंद सकाळची तेवढी धड, पुढे सगळी कोरी. यंत्र नेमका मुहूर्त साधून बिघडलं होतं. मॉडेलकडे मात्र दर तासाचं उत्तर होतं: दुपारी धो धो, संध्याकाळी कोरडं ठणठणीत.

अर्धवट दिवस सरासरीतून काढून टाकायचा, हा नियम. काढला. आलेखाची रेघ केसभरही हलली नाही. मलाही काही झालं नाही.

घरी येऊन दोघींना मॉडेलचं चित्र दाखवलं. "वहिनी म्हणते ते बरोबर. संध्याकाळी पाऊस नव्हताच."

"मग तो भिजला कसा?" आईने विचारलं.

"दुपारी जोरात पडला होता. रस्त्यावर पाणी साचलेलं."

आईने स्क्रीन जवळ ओढून निरखली. "मशीन कशाला खोटं बोलेल," ती म्हणाली. मग कितीतरी महिन्यांनी वहिनीकडे वळली. "जेवलीस का गं?"

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. मी ताटं घ्यायला मागोमाग गेले.

"त्या दुपारी मी गाद्या गच्चीवर टाकल्या होत्या," ती हळूच म्हणाली. "कडक ऊन होतं."

मी ताटं काढून तिच्यापुढे ठेवली.

तिने तीन ताटं वाढली आणि आईचं आधी नेऊन ठेवलं.