संताचं नाक

आमच्या पुलावरच्या संत यानच्या पुतळ्याला नाक नाही. ते कसं गेलं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी सरपंच ओटाकर मला म्हणाला, फलकावर लिही, स्वीडिश सैनिकांनी तोडलं.

फलक पुलापाशी लागणार होता, सायकलवरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी. गावाचा इतिहास, बघण्याची ठिकाणं वगैरे. मजकूर माझ्या गळ्यात, कारण फुकट लिहिणारा मी एकटाच. मी त्याला म्हटलं, चौथऱ्यावर साल कोरलंय, डोळे असतील तर वाच. सतराव्या शतकातल्या युद्धात गाव लुटून स्वीडिश फौज चालती झाली, त्यानंतर ऐंशी वर्षांनी हा पुतळा बसला. त्यावर तो म्हणाला, पाहुणे साल बघायला येत नाहीत, बिअर प्यायला येतात.

असल्या छापील थापांनी यारमिलामावशीचं घर पोळलंय. तरुणपणी ती सहकारी शेतीवर ट्रॅक्टर चालवायची. गावजत्रेच्या आठवड्यात पुलावर बदकं आडवी आली, तिने चाक वळवलं आणि बीटने भरलेली ट्रॉली संताला घासली. नाक ओढ्यात. बस. पण तेव्हा राज्य कम्युनिस्टांचं, देवधर्माच्या विरुद्ध; जिल्ह्याच्या पेपराने छापलं, ट्रॅक्टरवाल्या मुलीने अंधश्रद्धेवर घाव घातला. वर फोटो. मावशी तर एकाही रविवारची प्रार्थना न चुकवणारी. तिच्या आईने मात्र पेपर खरा मानला आणि मरेपर्यंत लेकीशी धड बोलली नाही.

मी खरं तेच लिहिलं. शुक्रवारी बिअरच्या गुत्त्यात गावाची बैठक बसली, तिथे ओटाकरने मजकूर वाचला आणि नाकाचा भाग गाळला. मावशी उठली.

"मी ते मुद्दाम केलं नाही, एवढं एक वाक्य मला हवंय. आणि मी जिवंत आहे तोवर."

"मावशी, तुझं नाव कशाला खराब करायचं? स्वीडिश काही भांडायला येत नाहीत."

"माझं नाव पन्नास वर्षं खराबच आहे. तू तुझ्या आजीचं झाकतोयस. बदकं तिची होती. फाटक सताड उघडं टाकून बया गप्पा हाणत होती."

सगळा गुत्ता हसला. ओटाकरचे कान लाल झाले. आजीचं नाव घालू का, असं मी मावशीलाच विचारलं. ती म्हणाली, नको, बाई चांगली होती, जत्रेला त्यातलंच एक बदक भाजून तिने आमच्याकडे पाठवलं होतं.

ओटाकरने ग्लास बाजूला सरकवला.

"घाल नाव," तो म्हणाला. "लुडमिला. थडगं सोडलं तर तिचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. फक्त बदकं लठ्ठ होती असं लिही."

यंदाच्या जत्रेला फलक लागला. लुडमिलाबाईंची लठ्ठ बदकं वाचवताना यारमिलाकडून चुकून नाक तुटलं, मुद्दाम नव्हे. सायकलवाले थांबतात, वाचतात, हसतात आणि ओढ्यात वाकून नाक शोधतात.

मावशीने चष्मा लावून सगळं वाचलं, पुन्हा वाचलं, फलकावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळली.

"लठ्ठ कसली, हडकुळी होती मेली," ती म्हणाली. "असू दे. चल घरी, जत्रेचे केक गरम आहेत."