उर्वीच्या रिसेप्शनचा कौल

मी तापट आहे हे मला माहीत आहे, दर वेळी कुणी सांगायला नको. पण आमच्या ह्यांच्याबरोबर संसार केला असता तर एखादी गरीब गायसुद्धा तापट झाली असती. हे म्हणजे चिंतामणी मास्तर. शाळेत गणित शिकवतात, घरची आंब्याची कलमं सांभाळतात, आवाज म्हणून चढवत नाहीत. फक्त काहीही ठरवायचं म्हटलं की उठायचं आणि गावच्या देवीला कौल लावायला जायचं. विहीर कुठं खणायची? कौल. स्कूटर घ्यायची की नाही? कौल. एकदा तर मोरीला पांढऱ्या फरशा लावायच्या की करड्या, म्हणून कौल! देवीनं करड्या सांगितल्या. मला पांढऱ्या हव्या होत्या, पण मला विचारतो कोण?

तर दोन हजार तीन साली आमच्या उर्वीचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक, मुंबईला बँकेत नोकरीला. जावई शार्दूल तिच्याच बँकेतला. मुलगा गोड आहे, पानात काही टाकत नाही. लग्न त्यांच्याकडे ठाण्याला आणि रिसेप्शन आपल्याकडे रत्नागिरीत, असं बोलणं झालं. "कुठं करायचं ते तुम्ही दोघं ठरवा," असं फोनवर सांगून पोरगी मोकळी झाली.

हे लगेच म्हणाले, "आपलं कार्यालय आहेच की."

'आपलं कार्यालय' ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आमच्या घरची सगळी कार्यं त्या कार्यालयात झाली आणि त्यातलं एकही मी पाहिलेलं नाही. खोटं नाही सांगत! आमच्या घराची रीतच तशी. आचारी रांधणार, पण वाढायचं मात्र घरच्या सुनांनी, आग्रह करकरून. मंगलाष्टकं मला ऐकू यायची ती कोठीच्या खोलीतून, हातात तुपाचं भांडं. माझ्या नणंदेच्या, काशीच्या लग्नात मी जेवायला बसले तेव्हा मांडववाले खुर्च्या गोळा करत होते. गार वरण आणि तळाचा भात. उर्वीच्या वेळीही तसंच झालं असतं, तर मी त्या खोलीतच फतकल मारून रडले असते.

म्हणून एके दिवशी भाजी आणते सांगून निघाले आणि रिक्षा करून सरळ भाट्याचा पूल ओलांडला. तिथं सुरूच्या झाडांत नवीन हॉटेल झालं होतं. पुढं हिरवळ, हिरवळीपुढं वाळू, की समुद्रच. मॅनेजर लांज्याचा निघाला. माझं माहेर लांजा, मग काय विचारता! चहा आला, काजू आले, कोण कुणाचा कोण ते निघालं.

मी विचारलं, "वाढायला कोण असतं?"

"आमची माणसं, काकू."

"पाण्याला?"

"आमचीच."

"आणि आल्यागेल्याला विडे द्यायला?"

"तेपण आमचंच."

"मग मी काय करायचं?"

तो हसला. "तुम्ही काय करणार? बसायचं."

बसायचं! अगो बाई, हा शब्द मला उद्देशून कधी कुणी म्हटलाच नव्हता. त्यानं हिरवळीवर एक खुर्ची मांडून दिली, समुद्राकडे तोंड करून. इतकी वर्षं समुद्राशेजारी राहिले, पण किनाऱ्यावर जायचं ते पुण्याचे पाहुणे आले की. ते लाटांत नाचणार आणि मी त्यांच्या चपला सांभाळत उभी. त्या दिवशी पहिल्यांदा नुसती बसले. बसल्याबसल्या उर्वी डोळ्यांपुढं आली, शालू नेसून उभी, शेजारी शार्दूल, आणि मी तिच्याकडे बघतेय. पोटभर बघतेय. मला एवढंच हवं होतं, दुसरं काही नको होतं.

पण घरी येऊन हे सांगायची मला लाज वाटली. लेकीच्या कार्यात आईला बसायची हौस, असं कुठं म्हणतात का? मग मी हिरवळीचं सांगितलं, दिव्यांच्या माळांचं सांगितलं, गाड्या लावायला जागा किती आहे ते सांगितलं. ह्यांचं आपलं एकच, "अगं, पण हॉटेलातली माणसं आग्रह काय करणार? शिवाय तिथं मासे शिजतात."

"आपल्यासाठी भांडी वेगळी ठेवणार आहेत. विचारून आलेय मी."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत की! तुम्हाला मेलं लोकांचंच पडलंय!" मी झाकण आपटलं. पंधरवडाभर घरात भांड्यांचाच आवाज होता. शेवटी ह्यांनी नेहमीचं काढलं, "आपण देवीला कौल लावू."

"लावा," मी म्हटलं. "ती तरी बाईमाणूस आहे."

देवळात सखाराम गुरवानं देवीला फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या लावल्या, एक उजव्या बाजूला, एक डाव्या. जी आधी पडेल तो देवीचा शब्द. मग त्यानं गाऱ्हाणं घातलं, "आई महाराजा, मास्तर तुझ्या पायाशी आलेत. लेकीचं कार्य हाय. समुद्रावरल्या हॉटेलात करायचं तर उजवा दे, कार्यालयात करायचं तर डावा दे, आनि काय तो एक न्याय दे!"

"व्हय महाराजा," हे म्हणाले. मीही म्हटलं, जरा जोरातच.

पण देवी काही बोलेना. पाकळ्या चिकटल्या त्या चिकटल्या. सखाराम खांबाला टेकून सुपारी कातरत बसला. गाभाऱ्यात थंडगार होतं, बाहेर कुणी नव्हतं. बऱ्याच वेळानं हे हळूच म्हणाले, "उमा, एवढं काय आहे गं त्या हॉटेलात?"

आणि काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "तिथं मला बसायला मिळणार आहे."

ह्यांना कळेना. मग मी सगळं सांगितलं. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "काशीच्या लग्नात तू कुठं होतीस?"

"कोठीच्या खोलीत."

"आणि आपल्या पुतण्याच्या, ओमकारच्या मुंजीत?"

"तिथंच."

"मला वाटायचं, तू बायकांत बसली असशील," हे म्हणाले. बिचाऱ्यांचा चेहरा एवढासा झाला. खरंच माहीत नव्हतं हो त्यांना. पुरुषांची पंगत पहिली, उठून विडा खाल्ला की ते पाहुण्यांत. माझा सगळा राग तिथं कुठं गेला कळलंच नाही.

तेवढ्यात सखाराम ताडकन उठला. "डावा! डावा दिलान बघा मास्तर!"

डावी पाकळी देवीच्या पायाशी पडली होती. म्हणजे कार्यालय. देवीपुढं भांडणार कोण? मी पदर खोचला आणि उठायला लागले.

"थांब," हे म्हणाले. असा आवाज मी ह्यांचा कधी ऐकला नव्हता. हात जोडून हे गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभे राहिले. "आई, तू दिलास तो कौल बरोबरच असणार. चूक माझी. हा प्रश्न तुला विचारायचाच नव्हता. जिला विचारायचा होता तिला सोडून मी सारखा तुझ्याकडे येत राहिलो. आता तिला विचारतो, तू साक्षीला राहा." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "उमा, कुठं करायचं रिसेप्शन?"

पंधरवडाभर माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता, आणि नेमका तेव्हा एक शब्द फुटेल तर शपथ. शेवटी कसंबसं म्हटलं, "समुद्रावर."

"ठरलं," हे म्हणाले.

सखारामच्या तोंडचं पाणी पळालं. "मास्तर, दिलेला कौल मोडायचा? आई कोपंल की!"

"कोपली तर समजूत काढीन. हिची काढायला शिकतोच आहे," हे म्हणाले. "तू पाकळ्या लाव परत. नाहीतरी पहिलं आमंत्रण देवीलाच द्यायचं असतं. एवढंच विचार, आई, समुद्रावर रिसेप्शनला येशील ना?"

सखारामनं घाबरत घाबरत पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं, आणि पहिला शब्द निघायच्या आत उजवी पाकळी टपकन खाली!

"उजवा!" सखाराम ओरडला. हे तर लहान मुलासारखे हसायलाच लागले. मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं. मी देवीकडे बघितलं. म्हटलं, हिला तरी कुठं बसायला मिळतं? उजाडल्यापासून कुणी ना कुणी गाऱ्हाणं घेऊन दारात हजर.

मी उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि म्हटलं, "या हो बाई. माझ्या शेजारची खुर्ची तुमची. आपण दोघी नुसत्या बसू."