चाळीस वॅटचा जबाब

मी फ्युएल सेल बोलतोय. सातपूरच्या शेडमध्ये मला सगळे नुसतं ‘डबा’ म्हणायचे, तुम्हीही म्हणा. पण माझी कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. मला जबाब द्यायचा आहे. गेली दोन वर्षं नाशकात माझ्या नावानं बोटं मोडली जातात. ‘त्या डब्यांनी माणसं बुडवली’ असं म्हणतात. कोणी बुडवली आणि कशी, हे मी जवळून पाहिलं आहे.

माझा जन्म २००२ सालचा. मला घडवलं सुनील गावितनं. पेठकडच्या डोंगरातला हा माणूस नाशिकच्या कॉलेजात शिकून इंजिनिअर झाला होता. ग्रॅफाइटच्या काळ्या पाट्या तो स्वतःच्या हातानं घासायचा. दोन पाट्यांमध्ये एक पातळ पडदा, पुन्हा पाटी, पुन्हा पडदा, अशी चळत रचून ती बोल्टांनी आवळायचा. माझं काम सांगायला सोपं आहे. एका बाजूनं हायड्रोजन गॅस द्या, दुसऱ्या बाजूनं हवा. मी धूर करत नाही, आवाज करत नाही. वीज देतो आणि एका नळीतून थेंब थेंब पाणी सोडतो.

पहिल्या दोन वर्षांत मी सतरा वेळा गळलो. अठराव्या वेळी चाळीसचा एक बल्ब लागला आणि सहा तास जळला. सुनील त्या दिवशी जेवायचं विसरला.

शेडचे मालक चंदरशेठ. त्यांचा प्लॅस्टिकचा धंदा मंदावला होता आणि पुढचा जमाना माझा आहे असं त्यांना कोणीतरी पटवून दिलं होतं. कंपनीचं नाव त्यांनी ठेवलं ‘सह्यकिरण’. माणूस दुष्ट नव्हता, घाईत होता. त्या घाईचा हिशेब पुढे दुसऱ्यांच्या अंगावर आला.

२००४ साली सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत दुसरी कंपनी उभी राहिली, ‘गोदातेज’. काचेचं ऑफिस, गुळगुळीत कागदाची पुस्तिका. गुंतवणूकदारांना बसमध्ये बसवून न्यायचे, जेवू घालायचे आणि एका चकचकीत पेटीवर पाच बल्ब आणि एक कूलर चालवून दाखवायचे. दोन्ही कंपन्यांचा वायदा एकच होता: आज आमचे शेअर घ्या, पहिलं तयार यंत्र तुमच्या दारात. ते दिवस भारनियमनाचे होते. गावोगाव आठ-आठ, दहा-दहा तास वीज नसायची. अंधारात बसलेल्या माणसाला उजेडाचा वायदा विकायला फार अक्कल लागत नाही.

वर्तमानपत्रांनी तर कमाल केली. सिन्नरवाल्यांवर पानभर ‘यशोगाथा’ छापून आली आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात ‘जाहिरात’ असा शब्द. आमच्याकडेही दोन वार्ताहर आले होते. बल्ब पाहिला, चहा घेतला, मालकांच्या नावाचं स्पेलिंग विचारलं आणि गेले. गॅस किती लागतो, मी किती तास टिकतो, एकानंही विचारलं नाही. ज्यांचं कामच विचारण्याचं, त्यांनी विचारलं नाही. याचा राग मला आजही आहे.

विचारलं ते मखमलाबादच्या गोजराबाईंनी. गुलाबाची शेती. तोडलेल्या फुलांसाठी त्यांनी गारखोली बांधली होती आणि वीज गेली की खोलीतली फुलं मुंबईला पोचण्याआधीच माना टाकायची. हायवेच्या रुंदीकरणात त्यांच्या जमिनीची एक पट्टी गेली होती. नवऱ्यामागं त्यांनी एकटीनं कसलेली जमीन. तिचे आलेले पैसे बँकेत तसेच पडून होते आणि ते कुठं घालायचे एवढाच प्रश्न होता. सातपूर की सिन्नर? चुकलं तर जमीनही गेली आणि तिचा मोबदलाही गेला. सून छाया बी.कॉम. झालेली. तिनं दोन फायली केल्या होत्या, एक आमची, एक सिन्नरची. दोघी आल्या तेव्हा ती दोन्ही घेऊन आली.

सुनीलनं गॅसची चावी उघडली. माझा बल्ब लागला. गोजराबाईंनी आधी बल्बाकडे पाहिलंच नाही. माझ्या नळीखाली तळहात धरला, दोन थेंब घेतले, हुंगले आणि पदराला हात पुसला.

“एकच बल्ब?”

“सध्या एकच, मावशी,” सुनील म्हणाला.

तेवढ्यात चंदरशेठ मध्ये पडले. पुढच्या महिन्यात दहा लागतील म्हणाले. मग सिन्नरवाल्यांवर घसरले: पेटी परदेशातून आणतात, वर आपलं स्टिकर चिकटवतात, त्यांच्या साहेबाला साधा फ्यूज बदलता येत नाही. गोजराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की सिन्नरवाले तुमच्या बल्बला काजवा म्हणतात. “ते तुमच्याबद्दल बोलत्यात, तुम्ही त्यांच्याबद्दल. आपापल्या यंत्राबद्दल कोणीच बोलत नाय.”

त्या गेल्या आणि चार दिवसांनी कळलं की त्यांचं मन सिन्नरकडे झुकतंय. निरोप असा होता की दसऱ्याला मुहूर्तावर चेक देऊ, कुणाला ते आदल्या दिवशी ठरेल. चंदरशेठनी सुनीलला केबिनमध्ये बोलावलं. सुनील बाहेर आला तो रागानं लाल. दोन दिवस त्यानं ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी ट्रकची एक मोठी बॅटरी आली, एक इन्व्हर्टर आला आणि माझ्या खाली एक दुहेरी तळ बसवला गेला. बॅटरी त्यात गेली. वर आठ बल्ब आणि एक पंखा जोडला.

लिहून ठेवा, मला कोणी विचारलं नाही. ते आठ बल्ब माझे नव्हते. मी माझे चाळीस वॅट इमानानं देत होतो आणि माझ्या नावावर दुसऱ्याचा उजेड खपवला जात होता.

२००५ सालची खंडेनवमी उजाडली. सातपूरला त्या दिवशी लेथपासून पान्यापर्यंत सगळ्याला कुंकू लागतं. गोजराबाई छोट्या टेम्पोतून स्वतःच्या शेतातला झेंडू घेऊन आल्या, बरोबर छाया. पर्समध्ये चेकबुक होतं. चंदरशेठनी टेबलाला लाल कापड लावलं होतं. आठ बल्ब झगझगत होते, पंखा फिरत होता. छाया बघतच राहिली. तिनं सिन्नरची फाइल टेबलाखाली ठेवून दिली, हे मी पाहिलं.

गोजराबाईंनी हार उचलला आणि थांबल्या. “सुनील, आधी बंद कर. चालत्या यंत्राला हार नाय घालत.”

चंदरशेठ म्हणाले, बल्ब लागलेले असताना फोटो छान येईल. “शेठ, आमच्याकडं पंपसुद्धा बंद करूनच पूजतो,” त्या म्हणाल्या.

सुनीलनं माझ्याकडे पाहिलं. मग लाल सिलिंडरची चावी घट्ट फिरवली. माझा श्वास तुटत गेला. मिनिटभरात मी पुरता संपलो.

आठही बल्ब जळत राहिले.

“नळीत थोडा गॅस उरलेला असतो, ताई,” चंदरशेठ म्हणाले. “जाईल दोन मिनिटांत.”

“जाऊ द्या की. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?”

त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं, हार घातला. नारळ फोडला. आरती झाली, तीही सावकाश, एक कडवं न गाळता. खोबऱ्याचे तुकडे वाटून झाले. पंखा फिरतच होता आणि त्याच्या वाऱ्यानं निरांजन दोनदा विझलं. शेडमधल्या कामगारांपैकी एक जण हसू दाबायला बाहेर गेला. चंदरशेठ रुमालानं मान पुसत होते. छायानं घड्याळाकडे पाहिलं, मग सुनीलकडे पाहिलं आणि पर्सची चेन ओढून घेतली.

गोजराबाईंनी माझ्या कुशीवर तळहात ठेवला. “हा तर गार पडला. गॅस नाय, काय नाय, तरी पंखा फिरतोय. मग शेअर कशाला विकता शेठ? फुकटच चालतंय तुमचं.”

पूजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, असा रिवाज आहे. सुनीलनं कुंकू लावलेला स्क्रू ड्रायव्हर पाटावरून उचलला आणि माझा तळ उघडला. वायर ओढली. बल्ब गेले, पंखा गरगरत थांबला. त्यानं दोन्ही हातांनी बॅटरी बाहेर काढून लाल कापडावर ठेवली.

“शेठनी सांगितलं, पण हात माझे होते, मावशी.”

“तुझा डबा खरा किती देतो?”

“चाळीसचा एक बल्ब. सहा तास.”

“आन माझी खोली?”

“नाही चालणार. अजून पाच वर्षं तरी नाही. दहाही लागतील.”

“हे पयल्या दिवशी का नाय बोललास?”

“बोललो असतो तर तुम्ही सिन्नरला गेला असता.”

 चंदरशेठ मध्येच मोठ्यानं बोलले: सगळेच असं करतात, सिन्नरवाले काय वेगळं करतात? माझ्या मते त्या दिवसातलं त्यांचं ते एकमेव खरं वाक्य. गोजराबाईंनीही ते खरं धरलं असावं. कारण दसऱ्यानंतरच्या सोमवारी त्या सिन्नरला गेल्या आणि त्यांनी तिथंही हेच मागितलं. गॅस बंद करा, मी बसते. छायानं नंतर सुनीलला फोनवर सांगितलं की तिथल्या साहेबांनी तंत्रज्ञान गुप्त असल्याचं कारण दिलं, सरबत दिलं, पण चावीला हात लावू दिला नाही. जमिनीचे पैसे कुठल्याच कंपनीत गेले नाहीत. त्यातून थोडे काढून गोजराबाईंनी डिझेलचा जनरेटर घेतला. धूर ओकणारा, कान फोडणारा. पण गारखोली चालली.

पुढची अडीच वर्षं त्या बाईला लोकांनी किती ऐकवलं. ‘गोदातेज’च्या शेअरला तिप्पट भाव सांगितला जात होता. फूल बाजारात त्यांना ‘चावीवाली आजी’ म्हणायचे. छायासुद्धा एकदा चिडून म्हणाली की आई, तुमच्या पूजेपायी आपण मागं राहिलो. २००८च्या उन्हाळ्यात सिन्नरच्या फाटकाला कुलूप लागलं. बाहेर एस.टी.चे ड्रायव्हर होते, शाळामास्तर होते, मालेगावचे दोन यंत्रमागवाले होते. आत त्या चकचकीत पेट्यांच्या तळाशी काय निघालं, ते मी सांगायला हवं का? ज्या वर्तमानपत्रानं यशोगाथा छापली होती, त्यानंच मथळा दिला: ‘फ्युएल सेलनं केला घात’.

घात मी केला? मी दीड वीत रुंदीची काळी चळत. मी शेअर छापले नाहीत, बस पाठवली नाही, जेवणावळी घातल्या नाहीत. दोन कंपन्यांना एकमेकांपेक्षा जास्त बल्ब दाखवायचे होते, जास्त वीज बनवायची नव्हती. गुंतवणूकदाराच्या डोळ्यांसाठी त्यांची शर्यत होती, माझ्यासाठी नव्हती.

आमची शेडही सिन्नरच्या आधीच बंद पडली होती. जाताना सुनीलनं मला मागून घेतलं. आता तो एका कॉलेजात शिकवतो आणि मी त्याच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात आहे. माझे तीन पडदे सुकलेत, एका बोल्टला गंज चढलाय. वर्षातून दोनदा तो मला बाहेर काढतो. आता माझ्यावर चाळीसचा बल्ब नीट लागत नाही, पंचवीसचा लागतो. सुनील मुलांना पंचवीसच सांगतो.

उद्या पुन्हा कोणीतरी येईल. नवी कंपनी, नवी पुस्तिका, नवा उजेड. तुम्ही तिथं जाल, जायलाही हवं, कारण माझ्या जातीला तुमच्यासारख्यांच्या पैशाची गरज आहे. आम्ही अजून पुरते वाढलेलो नाही. फक्त बल्ब मोजू नका. गॅसची चावी बंद करा, खुर्ची ओढा आणि बसा.

माझ्यासमोर बसलात तर मिनिटभरात मी विझेन. मी विझतो, आणि ते मी मान वर करून सांगतो.