कवळीवाल्याचे स्वतःचे दात

तीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवणाऱ्या माणसाचे स्वतःचे दात हलायला लागले, तेव्हा त्यांनी घरात चकार शब्द काढला नाही. मेण आणि प्लास्टरच्या पसाऱ्यात बसून स्वतःच्या जबड्याचा साचा घेतला आणि एका दुपारी तो सुनेच्या दवाखान्यात नेऊन तिच्यापुढे ठेवला. सून हिरड्यांची डॉक्टर.

"कुणाचा हा?"

"माझा. खालचे चार काढून टाक. पुढचं मी बघतो."

तिने त्यांना खुर्चीत बसवलं. मापाच्या खुणा असलेली बारीक सळई दाताच्या कडेने हिरडीत घातली. चांगल्या हिरडीत ती दोन-तीन मिलिमीटरच जाते. इथे सात गेली आणि रक्त आलं. घरी न सांगता त्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांकडून दोनदा गोळ्या घेतल्या होत्या. पोट तेवढं बिघडलं, हिरड्या जशाच्या तशा.

"बाबा, काढायला काय, कधीही काढीन. पण मग ते परत लावता येणार नाहीत. मला तीन महिने द्या."

"मी कुणाला तीन मिनिटं देत नाही, तुझ्या सासूला विचार," ते म्हणाले. पण खुर्चीतून उठले नाहीत.

तिने आधी मुळांवरचं किटण खरवडून काढलं. मग बोथट सुईने हिरडीच्या खाचांमध्ये निळा रंग सोडला.

"हा जंतूंना चिकटतो. वर लाल प्रकाश पडला की रंग चेततो आणि जंतू मरतात."

"दुखेल?"

"नाही. बोलता येणार नाही, तेवढाच त्रास."

प्रकाशाची बारीक कांडी एकेका दाताशी मिनिटभर थांबत राहिली. घरी पोचल्यावर त्यांची निळी जीभ बघून सासूबाईंची हसता हसता पुरेवाट झाली. "शाई प्यालात की काय?"

असं दर आठवड्याला, आणखी तीन वेळा. शिवाय सकाळ-रात्र दातांच्या फटी घासायच्या. त्यांनी कुरकुर रोज केली, खाडा एकही नाही.

तीन महिन्यांनी सुनेने पुन्हा सळई घेतली. ती आकडे सांगत होती, नर्स लिहीत होती. "तीन. दोन. तीन. तीन." सातवाल्या दाताशी ती थांबली, पुन्हा मोजलं. "चार." सळई कोरडी होती, रक्ताचा ठिपका नाही. तिने दात दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला. जेमतेम हलला.

"राहतात, बाबा. चारही राहतात."

त्यांनी आरशात बघत चारही दात एकेक करून बोटाने दाबून पाहिले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जिंकलीस, पोरी. माझ्या धंद्यावर पाणी फिरवलंस, पण जिंकलीस."

दुसऱ्या दिवशी एक निवृत्त मास्तर कवळीचं माप द्यायला आले. त्यांनी मास्तरांच्या तोंडात बॅटरी मारली, हलणारे दात निरखून बघितले आणि हात धुतले.

"माप नंतर. आधी माझ्या सुनेला दाखवा."

"म्हणजे तुम्हाला गिऱ्हाईक नको?"

"नको," ते म्हणाले, आणि चपला घालून स्वतःच त्यांच्याबरोबर निघाले.