आरशात न दिसलेली मुलं

आराखडा मंजूर होऊन नऊ दिवस झाले होते, तरी तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. नगरपालिकेच्या रस्ते विभागात ती अभियंता होती. प्राथमिक शाळेत पायी आणि सायकलने येणाऱ्या मुलांसाठी सुरक्षित वाट आखायचं काम तिच्या टेबलावर आलं, आणि तिनं ते जीव ओतून केलं होतं. वसाहतीतून निघायचं, मोठ्या रस्त्याच्या पदपथाने यायचं, सिग्नल ओलांडायचा की समोर शाळेचं फाटक. नकाशावर ठसठशीत हिरवी रेघ. साहेबांनी सही करताना "झकास!" म्हणून पाठही थोपटली होती.

पण मंगळवारी सकाळी ती आपल्या तिसरीतल्या लेकीला गाडीने शाळेत सोडायला आली, तेव्हा फाटकाशी उभे असलेले काका खिडकीत वाकले. काका म्हणजे बस चालवून निवृत्त झालेला माणूस. रोज सकाळी हातात लाल फळी घेऊन मुलांना रस्ता ओलांडून द्यायचे.

"बाई, एक सांगू? राग मानू नका. तुमच्या हिरव्या रेघेवरून चिटपाखरू येत नाही."

"मग मुलं येतात कुठून?"

"डाव्या अंगानं. आणि येतात तेव्हा पायातले बूट धुळीनं पांढरे झालेले असतात."

डाव्या अंगाला एकच वाट होती, गोदामांच्या मागची गल्ली. तिथं दिवसभर ट्रक आत-बाहेर करायचे, म्हणून तर तिनं ती पहिल्याच दिवशी नकाशावरून काढून टाकली होती.

"मला माहिती होतं," मागच्या सीटवरून लेक म्हणाली. "सगळे गल्लीतूनच येतात. फक्त मीच गाडीतून."

त्या दिवशी ऑफिसात तिचं कशात लक्ष लागलं नाही. खुर्चीवरून चारदा उठली, चारदा बसली. चहा निवून गेला. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, "उद्या गाडी नको. आम्ही दोघी चालत जातो." त्यानं भुवया उंचावल्या.

सकाळी आठला वसाहतीच्या तोंडाशी मुलं जमली. सात होती, लेक धरून आठ. म्होरकी होती दुसरीतली एक चिमुरडी. तिच्या आवाजामुळे सगळे तिला पिपाणी म्हणत. चौथीतली एक उंच मुलगी सायकल हातात धरून चालत होती. मोठ्या रस्त्यापाशी पोचल्यावर घोळका सरळ गल्लीकडे वळला.

"अगं, इकडून नवी वाट आहे ना?" तिनं विचारलं.

"तिथं बोलता येत नाही," पिपाणी म्हणाली.

"म्हणजे काय?"

"एकामागे एक चालावं लागतं. आणि गाड्यांचा केवढा आवाज! मी माझ्या दाताची गोष्ट सांगत होते तर कुणालाच ऐकू आली नाही. डॉक्टरांपर्यंत पोचले आणि शाळाच आली."

ती जागीच थांबली. पदपथाची रुंदी तिनं स्वतः टेप लावून मोजली होती. नियमात बसत होती. सिग्नलचे सेकंद मोजले होते, गाड्यांचा वेग मोजला होता. शाळेत जाताना मुलं बोलतात, हे मात्र तिनं कुठंच धरलं नव्हतं. आणि स्वतःची लेक रोज तिच्याच गाडीत मागं बसून खिडकीबाहेर बघत गप्प येत होती.

"चल ना आई!" लेक ओढत होती. ती त्यांच्या मागोमाग गल्लीत शिरली.

गल्ली रुंद होती, एका बाजूला उंच भिंत आणि दुसऱ्या बाजूला गोदामांची पत्र्याची दारं. तिघं-चौघं हातात हात घालून चालू लागली. एकदम सगळ्यांना कंठ फुटला. पण तिला काही ऐकू येत नव्हतं. तिची नजर एका दारावरून दुसऱ्या दारावर उड्या मारत होती. उंच मुलीनं सायकल उचलून गटाराच्या जाळीवरून पलीकडे ठेवली. जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेनंच होत्या, चाक बरोबर आत रुतेल अशा. "दोनदा पडले मी इथं," ती अगदी सहज म्हणाली.

तेवढ्यात लेकीची पाण्याची बाटली निसटून घरंगळत गेली आणि लेक तिच्या मागे धावली. तिसऱ्या गोदामाच्या दारातून एक ट्रक उलटा बाहेर येत होता.

ती धावली आणि ट्रकच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी धडाधडा थापा मारत सुटली. ट्रक गचका देऊन थांबला. मागचं फळकूट आणि वाकलेली लेक यांच्यात हातभर अंतर होतं.

तिनं लेकीला मनगट धरून बाजूला ओढलं.

"आई, दुखतंय," लेक म्हणाली. तेव्हा कुठं तिनं पकड सैल केली.

चालक खाली उतरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मला वाटलं माल पडला मागं. बाई, मला मागचं दिसत नाही. कधीच दिसत नाही. मी हॉर्न देतो आणि बाकी देवावर सोडतो."

गडबड ऐकून गोदामाचे व्यवस्थापक आले. जाडजूड गृहस्थ, हातात मालाच्या याद्या. "ही काय शाळेची वाट आहे? इथं पोरांनी यायचंच नाही, तसा फलक लावलाय आम्ही."

एरवी ती नियम सांगत बसली असती. आज तिनं इंजिन बंद करायला लावलं, किल्ली चालकाकडून मागून मुठीत घेतली आणि मुलांना ट्रकच्या मागे रांगेत उभं केलं. मग स्वतः वर चढून आरशात पाहिलं. खाली उतरून ती व्यवस्थापकांना म्हणाली, "आता तुम्ही बसा."

"मी? अहो, मला कामं आहेत."

"दोन मिनिटं. फक्त बघा आणि मला सांगा, किती मुलं दिसतात."

चालकानं हात दिला आणि ते कसेबसे वर चढले. आधी एका आरशात पाहिलं, मग दुसऱ्या. मान वाकडी करून पाहिलं.

"कुठं आहेत? गेली शाळेत."

"आम्ही इथंच आहोत!" मागून आठ आवाज एकदम आले. पिपाणीचा सगळ्यांत वर.

व्यवस्थापक उतरले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. "किती ते किती बंद ठेवायचं?"

"सकाळी आठ ते साडेआठ दारं बंद. आणि शाळा सुटताना अर्धा तास."

"सकाळचं माझ्या हातात आहे. दुपारचं मालकांना विचारावं लागेल. शेजारच्या गोदामांशीही बोलतो."

"विचारा. मी उद्या परत येते," ती म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी गेलीच, तिसऱ्या दिवशीही गेली. मालकांनी हो म्हटल्याशिवाय तिनं पिच्छा सोडला नाही.

खरं घोडं अडलं ते ऑफिसात.

"मंजूर नकाशा बदलायचा?" साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "म्हणजे आपलं चुकलं, असं लेखी द्यायचं?"

"आपलं नाही, माझं चुकलं. मी लिहून देते."

"आणि उद्या गल्लीत काही झालं तर?"

"आजही मुलं गल्लीतूनच जातायत, साहेब. नकाशा त्यांना दिसत नाही." "आपण फक्त तिकडे बघत नाही, एवढंच."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शेवटी एक महिना चाचणी म्हणून सही केली, तीही नाखुशीनं.

त्याच आठवड्यात गटाराच्या जाळ्या आडव्या फिरवल्या गेल्या. भिंतीच्या कडेनं पांढरा पट्टा ओढून सायकलींची जागा वेगळी केली. सकाळी आणि शाळा सुटताना अर्धा-अर्धा तास गोदामांची दारं बंद राहू लागली. व्यवस्थापक स्वतः दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे. महिन्याच्या शेवटी तिनं मोजणी केली. पायी आणि सायकलने येणारी मुलं एकोणीसवरून त्रेपन्नवर गेली होती. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि या वेळी न कुरकुरता सही केली.

मग एका रविवारी लेकीनं जेवताना जाहीर केलं, "उद्यापासून मी पिपाणीबरोबर जाणार. तू यायचं नाही."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो हसला. "वाट तूच आखलीयेस ना?"

"म्हणून तर," ती म्हणाली. त्यानं हसणं आवरलं.

सोमवारी लेक दारातून बाहेर पडली आणि वळून न बघता गेली. मग ती स्वतः ऑफिसात पोचली. आठ वीस झाले, आठ पंचवीस झाले. फाईल उघडून तीच ओळ पाचव्यांदा वाचली. साडेआठला राहवेना, काकांना फोन लावला.

"आली?"

"पोचली केव्हाच. आता फोन ठेवा, माझ्या हातात फळी आहे."

तिनं फोन ठेवला. पण शाळा सुटण्याची वेळ अजून यायची होती. दुपारभर ती जिन्यावरून खाली-वर करत राहिली. संध्याकाळी घराचं दार उघडल्या उघडल्या विचारलं, "कशी गेलीस? वाटेत काय झालं?"

"काही नाही," लेक म्हणाली.

"दारं बंद होती ना? कुणी थांबवलं का? काहीच नाही झालं?"

"काहीच नाही गं आई," लेक म्हणाली आणि खेळायला पळाली.