भोंगामामाचा हॉर्न

माझ्या वर्गात येणाऱ्या बस ड्रायव्हरांची एक ठरलेली तक्रार असते. सायकलवाले आपणहून अंगावर येतात, म्हणे. मी डेपोत ड्रायव्हरांना शिकवते, आणि हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. सायकलवाल्याला काही जीव नकोसा झालेला नसतो. त्यालाही तुमच्याआमच्यासारखं घरी जाऊन जेवायचं असतं. हे मी तोंडावर सांगते. मग मागच्या बाकावरचे दोघे-तिघे खिडकीबाहेर बघायला लागतात. बघेनात का.

पण मध्यंतरी हेच वाक्य माझ्या सख्ख्या मामानं म्हटलं आणि माझी पंचाईत झाली, कारण मामा खोटं बोलत नाही.

मामा आमच्याच डेपोचा जुना ड्रायव्हर. सगळे त्याला भोंगामामा म्हणतात. हॉर्न दिल्याशिवाय तो मांजराच्याही पुढे बस काढत नाही, आणि त्याचा त्याला कोण अभिमान. न सांगता पुढे जाणं म्हणजे चोरासारखं जाणं, असं त्याचं म्हणणं. मला गाडी त्यानंच शिकवली, कान पिरगाळून. एवढ्या वर्षांत त्याच्या बसला साधा ओरखडा नव्हता. आणि एक दिवस बाजाराच्या रस्त्यावर एक बाई सायकलसकट त्याच्या बसच्या अंगावर येऊन आदळली.

बाई लाँड्रीत कामाला होती. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. मामानं नेहमीसारखा हॉर्न दिला होता आणि मग बस पुढे काढली होती. कंडक्टर आणि पुढच्या बाकावरचे प्रवासी सगळे एकच सांगत होते, की बाईच मधे आली. तरी चौकशी होईपर्यंत मामाला बसवरून उतरवलं. चौकशीत त्याची चूक निघाली असती तर स्टिअरिंग कायमचं हातातून गेलं असतं. तो घरी बसला आणि मामीच्या डोक्याला ताप झाला. ती वाटाणे सोलत असली तरी हा शेजारी बसून सूचना देई. त्याला लवकर कामावर घ्या म्हणून तिनं मला दोनदा फोन केला.

चौकशीच्या आधी त्यानं वर्ग पुरा करायचा, असं वरून आलं. शिकवणारी मी एकटीच. नातं घरी ठेवा, असं मॅनेजर म्हणाले. ते मी ठेवलं. घरी मी मामाला अरेतुरे करते, वर्गात अहोजाहो केलं. तोही मला बाई म्हणाला, पण असं की अख्खा वर्ग हसला.

"बाई, तुम्ही काय शिकवायचं ते शिकवा," तो म्हणाला, "ती आपणहून आली. मी डोळ्यांनी बघितलं."

त्या दिवशी माझं डोकं फिरलं नाही, चालायला लागलं. मामा खरं बोलतोय. त्या सायकलवरच्या बाईलाही जीव नकोसा झालेला नाही. मग या दोघांच्या मधे होतं काय? एक हॉर्न. मी स्वतः रोज सायकलवर येते. मागून भोंगा वाजला की मी कशी दचकते, ते मला पक्कं ठाऊक आहे.

मी वर्ग उठवला आणि सगळ्यांना बस धुण्याच्या आवारात नेलं. वॉचमनची सायकल मागून घेतली. मामाला सांगितलं, त्या पाण्यातून जायचं आणि पुढे कोरड्या फरशीवर सरळ चालवत राहायचं. ओल्या चाकाची रेघ मागे उमटत जाते, ती मला बघायची होती. मामानं नाक मुरडलं, पण बसला सायकलवर. बस मी घेतली, आणि तीही भरपूर लांबून.

पहिल्या खेपेला मी गप्प राहिले आणि मोठी जागा सोडून पुढे गेले. रेघ सरळ आली. दुसऱ्या खेपेला मी हॉर्न दिला. मामानं दचकून खांद्यावरून मागे बघितलं. मी थांबले आणि उतरले. सगळे ड्रायव्हर रेघेभोवती जमले. जिथे त्यानं मान वळवली तिथेच रेघ वाकली होती, बसच्या वाटेकडे, हातभर तरी.

मामा चिडला. "मी तयारीत नव्हतो," तो म्हणाला.

"तीही नव्हती," मी म्हणाले.

मग तो तयारीत बसला. हॉर्न येणार हे त्याला ठाऊक होतं, मागे बघायचं नाही असं ठरवूनही निघाला, तरी मान वळलीच आणि मानेपाठोपाठ हँडल. वाक थोडा कमी होता, पण होता. मामा रेघेजवळ उकिडवा बसला आणि ती वाळेपर्यंत उठला नाही. मागच्या बाकावरचे दोघे-तिघेही तिथेच उभे होते, आणि या वेळी कोणी दुसरीकडे बघत नव्हतं.

सगळे गेल्यावर त्यानं मला विचारलं, हे चौकशीत सांगायचं का. खरं सांगते, मला तो बसवर परत हवा होता. हॉर्नबद्दल तिथे कोणी विचारणार नव्हतं, आणि तोंड बंद ठेवलं असतं तर तो सुटलाच होता. पण मी मामाची भाची आहे.

"वर्गात मी तुला पास केलंय," मी म्हणाले. "तिथे काय बोलायचं ते तुझं तू ठरव."

चौकशीला लांब टेबल होतं आणि उघडत नसलेल्या खिडक्या होत्या. बाई नवऱ्याबरोबर आली होती, हात गळ्यात बांधलेला. खाली मान घालूनच तिनं सांगितलं, की शाळेपासून सायकल चालवते, पण त्या दिवशी आपलाच तोल गेला असावा. आता सायकल नको, घरच्यांनाही भीती वाटते, एक माणूस ती विकत घ्यायला तयार आहे. मग तिनं मामाची माफी मागितली. चौकशी करणाऱ्या साहेबांनी मान डोलावली, समोरचे कागद गोळा करायला घेतले आणि मामाला सहज विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचंय का.

मामा उभा राहिला.

"साहेब, ती आडवी आली हे खरं," तो म्हणाला. "पण आपणहून नाही आली. मी तिला बोलावलं."

साहेबांना कळेना. मामानं सगळं समजावलं, हॉर्न, मान, हँडल, वाकलेली रेघ. साहेब म्हणाले, हॉर्न देणं काही नियमाबाहेर नाही, तुमच्यावर कोणी बोट ठेवलेलं नाही, मग हे कशाला उकरून काढता.

"लिहा तुम्ही," मामा म्हणाला. "मी तिच्या अगदी मागून हॉर्न दिला आणि जागा न सोडता बस काढली. जागा सोडली असती, तर ती वळूनही तिला काही झालं नसतं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, आवारात चला, आत्ता दाखवते. ते आले आणि मी दाखवलं. निकाल तिथेच झाला: मामानं दोन महिने बस धुवायच्या, आणि मगच पुन्हा बस, तीही आधी माझ्यासमोर चालवून दाखवल्यावर. मामाचा चेहरा उतरला होता. माझी मान मात्र ताठ होती. इतका अभिमान मला त्याचा कधीच वाटला नव्हता.

बाईही आमच्या मागोमाग आवारात आली होती. ती रेघेकडे बघत होती, जिथे वाकली होती तिथेच.

"म्हणजे माझा तोल गेला नव्हता?" तिनं मामाला विचारलं.

"नाही, ताई," मामा म्हणाला. "तुम्ही नीटच चालवत होता."

ती नवऱ्याकडे वळली. "त्या माणसाला कळवा," ती म्हणाली. "सायकल विकायची नाही."

नवऱ्यानं खिशातून फोन काढला.